टिपणे : बंदूक, कॅमेरा आणि रायगडातला पाऊस

'टिपणे' हे मराठीतले मोठे समृद्ध क्रियापद आहे. चिमणी अंगणातले दाणे टिपते. टीपकागद शाई टिपतो. पदराने डोळे टिपले जातात. व्याख्यान ऐकताना विद्यार्थी मुद्दे टिपून घेतो आणि त्याचे टिपण होते. आणि नेमबाज सावज टिपतो. छायाचित्रण आपल्याकडे रुजले तेव्हा त्यासाठी नवे क्रियापद घडवण्याची गरज कोणाला भासली नाही. 'काढणे' होतेच, जेथे क्षण निसटता होता तेथे 'टिपणे' आले. 'ताडोब्यात वाघ टिपला' असे आज कोणी म्हणाले तर त्याच्या हातात कॅमेरा होता, हे आपण न विचारता धरून चालतो. हेच वाक्य १९३० साली ऐकणाऱ्याने तितक्याच सहजपणे बंदूक धरली असती.

ऋतू पाहून राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत जायचे, तेथील निसर्गदृश्ये व वन्यजीव टिपायचे, हा छंद गेल्या काही दशकांत मराठी मध्यमवर्गात चांगलाच पसरला आहे. या छंदाने 'टिपणे'च्या अनेक अर्थांपैकी नेमका कोणता अर्थ उचलला, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. आमच्या मते त्याने बहुतांशी बंदुकीचा अर्थ उचलला, आणि तोही केवळ शब्दापुरता नाही. कुठल्या जंगलात जायचे, कुठल्या महिन्यात जायचे, कुठे बसायचे आणि काय हाती लागले म्हणजे सहल सार्थकी लागली असे मानायचे, हे सारे शिकारीच्या जमान्यातच ठरून गेले होते. कॅमेऱ्याने त्या ठरलेल्या चौकटीत बंदुकीची जागा घेतली.

हे विधान तपासण्यासाठी आम्ही मुद्दाम एक आडबाजूचे ठिकाण निवडले आहे : रायगड जिल्ह्यातले, रोह्याजवळचे वरसे. वन्यजीव छायाचित्रणाच्या नकाशावर या नावाला स्थान नाही. पण वरशात उभे राहून चारी दिशांना पाहिले तर या विषयाचा जवळजवळ संपूर्ण इतिहास एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात येतो. पश्चिमेला फणसाडचे अभयारण्य. उत्तरेला पेण ओलांडून पुढे महामार्गालगत कर्नाळा. पूर्वेला कोलाडवरून ताम्हिणीचा घाट. वायव्येला, अलिबागच्या पलीकडे, किहीमचा किनारा. आणि तरीही वरसे-रोह्यातल्या एखाद्या हौशी छायाचित्रकाराच्या दिवाणखान्यात मोठे करून लावलेले छायाचित्र असते ते बहुधा चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाघाचे, राज्याच्या थेट दुसऱ्या टोकाचे. घराजवळच्या रानाचे छायाचित्र भिंतीवर का येत नाही, याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा इतिहासात अधिक सापडेल.

फणसाडपासूनच सुरुवात करू. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले हे जंगल जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. संस्थान विलीन झाले आणि पुढे १९८६ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ही एकट्या फणसाडची कथा नव्हे. राधानगरी-दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान. ते १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. राजस्थानातील रणथंभोर जयपूरकरांचे, मध्य प्रदेशातील बांधवगड रेवा संस्थानाचे. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे तळे तर भरतपूरच्या महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठीच नावारूपाला आणले होते. तेथे १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी पडले, आणि तो आकडा दगडावर कोरून ठेवण्यात आला. आज त्याच दगडाचे फोटो पर्यटक काढतात.

राखीव रान म्हणजे सावजाची हमी. सावजाची हमी मिळवायची तर पाणी कोठे आहे ते ठाऊक हवे. फणसाडमध्ये पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. 'फणसाडचे गाण', 'चिखलगाण' अशी नावे आहेत. पाण्याचा आणि गाण्याचा हा शब्दसंबंध लोभस आहे, पण त्यातून व्युत्पत्ती काढण्याचा मोह आम्ही आवरतो. मुद्दा असा की उन्हाळ्यात ओढे आटले की सारे रान या मोजक्या गाणांवर येते. शिकाऱ्याला हे ठाऊक होते. म्हणून मचाण पाण्याजवळ, आणि म्हणून हंगाम चैत्र-वैशाखाचा. झाडे निष्पर्ण, दृष्टी लांबवर जाते, जनावर तहानेने येणारच.

आता आजच्या व्याघ्रपर्यटनाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. ताडोब्यात 'हमखास' वाघ पाहायचा तर एप्रिल-मे. पाणवठ्यावर गाड्या थांबवायच्या आणि वाट पाहायची. नैसर्गिक पाणी आटले तर सौरपंपावर चालणारे कृत्रिम पाणवठे आहेत. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री चांदण्यात पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याची जी प्रथा वनखात्याने महाराष्ट्रात रुजवली, तिचीही बैठक तीच. मचाण तेच, पाणवठा तोच, चंद्र तोच. हातातली वस्तू तेवढी बदलली, आणि ती बदलली हे अर्थातच लहान गोष्ट नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आणली नसती आणि १९७३ मध्ये मेळघाटासह नऊ व्याघ्रप्रकल्प सुरू झाले नसते, तर आज या लेखाला विषयच उरला नसता.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे झालेले हे हस्तांतर कधी झाले? या वळणावर एका वनाधिकाऱ्याचे नाव घ्यावे लागते. संयुक्त प्रांताच्या वनखात्यातील एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जंगलवाटांवर तारा ताणून ठेवण्याची युक्ती बसवली. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की झडप उघडे आणि प्रकाशाचा झोत पडे; वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढून घेई. १९२५ मध्ये ही चित्रे लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापली गेली आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक आले. जिम कॉर्बेट यांनी कॅमेरा हाती घेतला तो या चॅम्पियनांची छायाचित्रे पाहून, आणि त्यांनी ते मोकळेपणाने नोंदवले आहे. पट्ट्यांवरून वाघ वेगळे ओळखता येतात हेही चॅम्पियनांच्या ध्यानी आले होते. आजची व्याघ्रगणना स्वयंचलित कॅमेऱ्यांनी पट्टे वाचून होते ती त्याच वाटेने. चॅम्पियन कॅमेऱ्याच्या पलीकडे स्वतः उभे नव्हते, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. वाघाला त्यांनी घेरले नाही, त्याचा माग काढत ते पुढे गेले नाहीत. आपल्या नजरेने त्याला अडवले नाही. नंतरच्या छायाचित्रणाने त्यांची कीर्ती घेतली, हा संकोच घेतला नाही.

अमेरिकेत गोष्ट उलट्या क्रमाने घडली. यलोस्टोन १८७२ मध्ये जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्याआधीच्या वर्षी विल्यम हेन्री जॅक्सन यांनी तेथील गरम झऱ्यांची व धबधब्यांची छायाचित्रे घेतली होती, आणि ती अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांपुढे ठेवली गेली. म्हणजे तेथे आधी निसर्गदृश्याचे छायाचित्र आणि मग उद्यान. ॲन्सेल ॲडम्स यांच्या सिएरा नेवाडातील चित्रांचाही १९४० च्या किंग्ज कॅन्यन उद्यानामागे हात होता. डोंगर, बर्फ, ढग, ऋतूचा उजेड हे त्या परंपरेचे नायक. आपल्याकडे आधी शिकारखाना, मग उद्यान, मग छायाचित्र. त्यामुळे नायकाची जागा वाघाकडे गेली आणि रान त्याच्या मागे पडद्यासारखे उभे राहिले. दोन्ही परंपरांत एक साम्य मात्र आहे. त्या भूमीवर आधीपासून राहणारी माणसे दोन्हीकडच्या चौकटीतून बाहेर राहिली. ताडोबा हे नावच गोंडांच्या 'तारू' या देवाचे आहे. वाघाशी झुंजताना मेलेला तो गावचा पुढारी, अशी त्याची कथा. तळ्याकाठी त्याचे ठाणे आणि पौषातल्या जत्रेची परंपरा. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे गाभ्यातली काही गावे उठून बाहेर वसली. वाघाची लाखो छायाचित्रे असलेल्या या रानात तारूच्या ठाण्याची छायाचित्रे शोधावी लागतात.

या इतिहासात साहित्याने कोणती वाट धरली हे पाहणे आमच्या वाचकांना अगत्याचे वाटेल. मराठीत रानाकडे पाहण्याची एक दुसरी शिस्त होतीच. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे, म्हणजे ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानाहून एका वर्षाने धाकटे. त्यातला आराखडा प्राण्यांचा नाही, महिन्यांचा आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने, आणि कुठल्याही महिन्याला सुट्टी नाही. व्यंकटेश माडगूळकर शिकारीच्या वाटेनेच रानात गेले, आणि पुढे बंदूक खाली ठेवून वही-पेन्सिल घेऊन बसले. 'नागझिरा' आणि 'जंगलातील दिवस' ही त्या बसण्याची फळे. ते चित्रकारही होते, आणि रेखाटनाची गंमत अशी की ते करायला वेळ लागतो. तेवढा वेळ जनावरासमोर, किंवा जनावर निघून गेल्यावर त्याच्या जागेसमोर, बसावे लागते. 'सत्तांतर'मधली वानरे एखाद्या दुपारच्या 'दर्शना'तून उभी राहिलेली नाहीत. मारुती चितमपल्ली यांनी तर वनखात्यात आयुष्य घालवून पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची बोलींतली नावे गोळा केली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी 'अरण्यऋषी' हे त्यांचे रूढ बिरूद पुन्हा छापले. आम्हाला त्यांच्यासाठी 'टिपणकार' हा साधा शब्द अधिक मोलाचा वाटतो. हे तिघेही टिपत होते. भागवत दाणे टिपल्यासारखे, चितमपल्ली टिपणवहीत टिपल्यासारखे. माडगूळकरांचे टिपणे टीपकागदाच्या जवळचे. रानाची ओल आपल्यात उतरू देणारे.

आता पावसाचा मुद्दा, जो कोकणातून पाहणाऱ्याला टाळताच येत नाही. ताडोबाचा गाभा सर्वसाधारणपणे १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. चिखलात गाड्या चालत नाहीत, विणीच्या काळात रानाला विसावा हवा, ही कारणे रास्तच आहेत. पण याचा एक न ठरवलेला परिणाम असा झाला की भारतीय जंगलाची जी प्रतिमा छायाचित्रांनी आपल्या मनात रुजवली, तिच्यात पाऊस जवळजवळ नाही. पिवळे गवत, धूळ, तिरपे ऊन आणि त्यातला वाघ. कोकणातल्या रानाचे खरे वर्ष तर मृगापासून सुरू होते. फणसाडात वाघ नाही. तेथे बिबळ्या आहे, सांबर, भेकर, शेकरू आहे, गारंबीचे अजस्र वेल आहेत. आणि हे सारे दाट पानांआड. 'काही दिसत नाही' असा शेरा मारून परतणाऱ्याची फणसाड निराशा करते, याचे कारण ते शिकारखान्याचे नियम घेऊन तेथे जातात. मजा अशी की ते रान एके काळी खरोखरच शिकारखाना होते.

पावसाळी छायाचित्रण कोकणात मुळीच नव्हते असे मात्र नाही; गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते आले, आणि कसे आले हे पाहण्यासारखे आहे. ताम्हिणीत धबधब्यांसाठी गर्दी होते, ती सोडून देऊ. तो सहलीचा भाग अधिक. खरी कथा तिबोटी खंड्याची आहे. जेमतेम पाच इंचांचा हा पक्षी पाठीवर निळा-जांभळा, पोटाला पिवळा, चोच पोवळ्यासारखी. पायाला तीनच बोटे म्हणून तिबोटी. पावसाच्या तोंडावर तो कोकणातल्या ओढ्यांवर विणीसाठी येतो. रात्री प्रवास करतो, आणि जूनमध्ये घरांच्या काचांवर आदळून पडलेला सापडतो. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खोदून आत अंडी घालतो. पिल्ले झाली की नर-मादी दोघेही दिवसभर सरडे, खेकडे, बेडूक, कोळी घेऊन येतात, आणि बोगद्यात शिरण्याआधी ठरावीक फांदीवर क्षणभर टेकतात.

ती ठरावीक फांदी म्हणजे नवा पाणवठा. कर्नाळ्याच्या परिसरापासून खाली चिपळूणपर्यंत पावसाळ्यात छायाचित्रकार याच एका चित्रासाठी येऊ लागले : निळा पक्षी, चोचीत सरडा, मागे हिरवा धूसर पडदा. दरडीसमोर आडोसे उभे राहिले, सोयीची फांदी रोवली जाऊ लागली, पार्श्वभूमी 'स्वच्छ' करण्यासाठी आडवी येणारी पाने छाटली गेली. सगळेच असे करतात असे नाही. पुष्कळजण दूर बसतात, थोडा वेळ थांबून निघून जातात, आणि घरट्यावरची छायाचित्रे न स्वीकारणाऱ्या स्पर्धाही आता आहेत. पण पद्धत म्हणून पाहिले तर उन्हाळ्यातल्या वाघाला लावलेला नियमच येथे पावसातल्या मूठभर पक्ष्याला लावला गेला. जनावर कुठे येणारच आहे ते शोधा आणि तेथे आधी जाऊन बसा. तहानेच्या जागी पिल्लांची भूक आली, एवढाच फरक.

आणि येथे कायद्याची भाषा आमच्या मदतीला येते. १९७२ च्या अधिनियमात 'शिकार' या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात मारणे-पकडणे तर आहेच, पण पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही शिकारच मानले आहे. कायदा लिहिणाऱ्यांना कॅमेरा अभिप्रेत नसेल. तरी त्या व्याख्येत 'टिपणे'चे दोन अर्थ एका ओळीत शेजारी येऊन बसले आहेत. वाघाच्या बाबतीत हेच अंतर वारंवार मिटताना दिसते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला तिच्या बछड्यांसह दोन्ही बाजूंनी रोखून धरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ती छायाचित्रे पाहताना हाकाऱ्यांची आठवण व्हावी असेच ते दृश्य होते. हाक्यातही सावजाला वाट एकच ठेवत.

घरट्यासमोर बसण्याचा आणखी एक दाखला याच जिल्ह्यात आहे, आणि तो या सर्वांहून जुना आहे. १९३० मध्ये जर्मनीहून परतलेले सालिम अली बेकार होते. संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले, आणि तेथे त्यांनी पावसाळ्यात सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण मांडले. सुगरण नर एक घरटे अर्धे विणतो, मादीने ते पसंत केले की पुरे करतो, आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो, हा त्यांचा निष्कर्ष १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. तेही घरट्यासमोरच बसले होते, हे खरे. सालिम अलींचा पक्ष्यांशी परिचयही छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीतून झाला आणि संशोधनासाठी नमुने मारणे त्यांनी पुढेही चालू ठेवले. त्यांना अहिंसेचा पुतळा करण्याचे कारण नाही. पण किहीमला त्यांना एक क्षण नको होता, हंगाम हवा होता. कोणते घरटे कोणत्या तारखेला कुठवर आले, कोणती मादी कुठे गेली, हे रोज टिपल्याशिवाय तो निष्कर्ष निघालाच नसता. एका उत्तम छायाचित्रात सुगरण नर एकपत्नी दिसतो. त्याचा बहुपत्नीत्वाचा व्यवहार वहीतच दिसतो.

त्याच वर्षाच्या त्याच पावसाळ्याच्या अखेरीस, २५ सप्टेंबर १९३० रोजी, याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला. आज उरण तालुक्यात असलेल्या त्या गावी राखीव जंगलावरचे सरकारचे निर्बंध मोडायला शेतकरी, आगरी, आदिवासी जमले, आणि पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही मृत्युमुखी पडले. किहीम आणि चिरनेर यांत फार अंतर नाही. पक्षिशास्त्राच्या इतिहासात पहिली घटना येते, स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात दुसरी, आणि दोन्ही एकत्र वाचण्याची आपल्याला सवय नाही. 'जंगल' या एकाच शब्दाखाली एकाला घरटे दिसत होते आणि दुसऱ्याला सरपण, गवत, कवाडी. दोघांनाही ते बारमाही दिसत होते.

हा बारमाहीपणा छायाचित्रात आणायचा कसा, याचा एक नमुना कारवीच्या रूपाने समोर आहे. ही सह्याद्रीतली झुडपी वनस्पती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. २००८, २०१६, २०२४ असा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला तिचा अलीकडचा क्रम. २०२४ च्या भाद्रपदात जांभळ्या उतारांची असंख्य छायाचित्रे निघाली, आणि ती सुंदर होती. त्यांत खोट काढण्याचे कारण नाही. पण फुले हा कारवीच्या आठ वर्षांतला एक महिना. फुलल्यानंतर झुडपे सुकतात, बोंडे वाळून राहतात, आणि ओल लागली की तडतड आवाज करत फुटून बी उडवतात. कातकऱ्यांनी, ठाकरांनी, कुणब्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच कारवीच्या काठ्या तोडून, विणून, शेणमातीने लिंपून घरांचे कूड उभे केले. पेण-रोह्याच्या वाड्यांमध्ये असे कूड आता विटांच्या भिंतींनी मागे सारले आहेत. जे उरले आहेत त्यांवर पावसाळ्यात लिंपण धुऊन जाते, आतल्या काठ्या दिसू लागतात, आणि दिवाळीच्या आधी त्यांना पुन्हा शेणमातीचा हात फिरतो. क्रम टिकला तर पुढची फुले २०३२ ची.